कुंपण कुजते कोठे?

राखणदारानेच घात केला म्हणजे ‘कुंपणाने शेत खाल्ले’ असे आपण म्हणतो. याच्या उलट प्रकार, म्हणजे शेताने कुंपण खाण्याचा, आपल्या परसात दरवर्षी घडत असतो. पण त्याच्यासाठी भाषेत म्हणही नाही आणि त्याची दाद कोणी मागतही नाही. गोव्यात आणि घाटमाथ्यालगतच्या खानापूरच्या बाजूस पावसाचे मान मोठे आहे. गोव्यात वर्षाकाठी सुमारे ३,००० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ १२० इंच पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक सारा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. उन्हाळ्याच्या अखेरीस घरधन्याने घाम गाळून उभे केलेले खांब पहिला पावसाळा निभावून नेतात, दुसऱ्या पावसाळ्यात डुलू लागतात, आणि तिसऱ्या वर्षी एखाद्या म्हशीने नुसते अंग घासले तरी वीस-वीस हात कुंपण एकदम आडवे होते. त्या एका रात्रीत दोडक्याचा मांडव, वांग्याची रोपे आणि घरच्या बाईने जीवापाड जपलेला आबोलीचा वाफा यांची काय गत होते, हे सुज्ञ वाचकांस सांगणे नलगे.

हानी भाजीपुरतीच असती तर एक वेळ सोसली असती. परंतु दर दोन-तीन वर्षांनी खांब नव्याने पुरायचा म्हणजे खड्डाही नवा आला. जुना खड्डा भुसभुशीत झालेला असतो, म्हणून नवा त्याच्या शेजारी घ्यायचा. आणि हा ‘शेजारी’ कोणत्या अंगाचा, येथून कटकटीस आरंभ होतो. या खेपेस वीतभर, पुढच्या खेपेस आणखी वीतभर, असे करता करता हद्द सरकते. निदान ती सरकल्याचा संशय तरी मनात घर करतो. बांधावरून माजलेल्या ज्या तंट्यांनी भावाभावांची बोलाचाली तुटली आणि जमिनीच्या किमतीहून अधिक पैसा कोर्टकचेरीत गेला, त्यांतील कित्येकांच्या मुळाशी एखादा कुजका खांब असतो, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. दहा-पंधरा वर्षे जागचे न हलणारे कुंपण हे शेजारधर्माचेही साधन होय. तेव्हा कुंपणाचे लाकूड टिकवावे कसे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही.

पुष्कळांची समजूत अशी असते, की पाऊस वरून पडतो म्हणून लाकूड वरून बिघडते. म्हणून दुकानातून रंगाचा डबा आणला जातो आणि डोळ्यांस दिसणारा सारा भाग चकचकीत करून टाकला जातो. परंतु आडवा झालेला एखादा खांब ओढून काढून नीट न्याहाळावा. कमरेएवढ्या उंचीवरचे लाकूड ठोकून पाहिले तर खणखणीत वाजते. दोन फूट मातीखाली असलेले बुडाचे टोकही पुष्कळदा बरेच शाबूत असते. मोडलेला भाग असतो तो बरोबर जमिनीच्या पातळीवरचा, वीतभर वर आणि वीतभर खाली. तेथे लाकूड एक तर तपकिरी पडून त्याचे चौकोनी तुकडे सुटत असतात, किंवा ते पांढरट होऊन त्याचे दोरे निघत असतात. कुंपण मरते ते पायाशी, आणि औषध मात्र आपण त्याच्या तोंडाला लावतो.

असे का व्हावे? लाकूड नुसत्या पाण्याने कुजत नाही. ते बुरशीने कुजते. या बुरशीला जगण्यास चार गोष्टी लागतात: अन्न, ऊब, हवा आणि ओलावा. अन्न म्हणजे खुद्द लाकूडच. ऊब आपल्या हवेत बारमास आहे. राहिल्या दोन गोष्टी. जमिनीच्या वर हवा मुबलक असते, पण पाऊस उघडताच वारा लाकूड सुकवून टाकतो. खोल मातीत ओलावा भरपूर असतो, पण पाण्याने तुडुंब भरलेल्या मातीत हवा नसल्यासारखीच असते. या दोहोंचा संगम होतो तो जमिनीलगतच्या त्या दोन वितींत. तेथे हवाही आहे आणि ओलही आहे. बुरशीला याहून सुखाचे घर कोणते? याच कारणाने इटलीतील व्हेनिस शहर चिखलात रोवलेल्या लाकडी खुंटांवर शतकानुशतके उभे राहिले, आणि विहिरीच्या तळाशी बसवलेले जांभळीचे लाकूड वर्षानुवर्षे पाण्यात राहूनही टिकते. हवाच मिळाली नाही, तर ओल एकटी काही करू शकत नाही. उलटपक्षी, ज्या लाकडातील पाणी त्याच्या कोरड्या वजनाच्या एक पंचमांशाहून कमी आहे, त्यात बुरशीचा शिरकाव होत नाही. घरातील तुळया पिढ्यान् पिढ्या राहतात त्या यामुळे.

वाळवीची गोष्ट थोडी निराळी, परंतु तिचाही मार्ग तोच. ती मातीतून येते, उजेड टाळते, आणि खांबाच्या अंगावर मातीची नळी बांधीत वर चढते. म्हणजे बुरशी म्हणा, वाळवी म्हणा, दोघींचे दार एकच. त्या दोन वितींचे रक्षण केले की कुंपणाचे रक्षण झाले. उपायही मग दोनच उरतात: एक तर तो भाग कोरडा ठेवावा, नाहीतर तेथील लाकूड बुरशीला आणि वाळवीला खाण्याजोगे ठेवू नये. बाकी सारे शोभेसाठी आहे, आणि शोभेला आमची ना नाही. ते मागाहून पाहू.

आरंभ लाकडाच्या निवडीपासून करावा. झाडाच्या बुंध्याचा आडवा छेद पाहिला तर मध्ये गडद रंगाचा गाभा आणि त्याच्याभोवती सालीलगत फिकट लाकडाचे कडे दिसते. गाभ्यात झाडाने स्वतःच साठवलेली द्रव्ये असतात व तीच बुरशीला दूर ठेवतात. सालीलगतच्या फिकट लाकडात मात्र झाडाचा रस आणि पिष्ट असते, आणि ते कोणत्याही जातीचे असो, लवकर कुजते. ‘सागाचा खांब घातला होता, तरी दोन वर्षांत गेला’ अशी तक्रार ऐकू येते तिचा उलगडा येथे होतो. कोवळ्या सागाच्या हातभर घेराच्या सोटात गाभा तो किती असणार? खैर, साग, फणस यांचा गाभा टिकाऊ खरा. पण नाव सागाचे आणि लाकूड सालीलगतचे, असा माल घेण्यात अर्थ नाही. आंबा, सावर, पांगारा यांचे लाकूड उघड्यावर मातीत पुरण्याच्या कामाचेच नव्हे. निलगिरी आणि सुरू यांचे गोल वासे हल्ली सर्वत्र मिळतात व परवडतातही, परंतु औषधाशिवाय पुरले तर त्यांचीही तीच गत होते.

येथे एक मौजेची गोष्ट आहे. टिकाऊ गाभा औषध पीत नाही. त्याची छिद्रे बुजलेली असतात. ते फिकट, नाशवंत लाकूड मात्र औषध स्पंजासारखे शोषून घेते. म्हणून नीट औषध पाजलेला निलगिरीचा स्वस्त गोल वासा हा बिनऔषधाच्या अर्ध्याकच्च्या सागाहून अधिक वर्षे उभा राहू शकतो. ज्याला महाग लाकूड परवडत नाही, त्या कुटुंबाने निराश होण्याचे कारण नाही. त्याने पैशाऐवजी वेळ खर्च करावा, एवढेच. घरच्या जमिनीतील झाड तोडावयाचे असेल तर मात्र आधी परवानगीची चौकशी करावी. गोव्यात १९८४ चा आणि कर्नाटकात १९७६ चा वृक्षसंरक्षणाचा कायदा आहे, आणि झाड आपल्या परसातले असले तरी तो लागू होतो.

आता औषधाकडे वळू. खेड्यात सर्वांत अधिक चालते ते मोटारीचे किंवा पंपाचे जळके ऑइल. ते फुकट मिळते, काळे असते, वासही उग्र येतो. म्हणून ते गुणकारी असावे असे वाटते. वस्तुतः बुरशीला आवरण्याइतके सामर्थ्य त्यात नाही, आणि पावसाबरोबर ते लाकडातून निथळून मातीत व तेथून विहिरीत जाते. त्यात इंजिनातील धातूंचे कण आणि कर्करोगास कारण होणारी द्रव्ये असतात. ज्या वाफ्यातील माठ-पालक आपण मुलांच्या ताटात वाढतो, त्याच्या कडेला हे ओतणे शहाणपणाचे नाही. फुकटच्या वस्तूची खरी किंमत कधी कधी फार जबर असते.

बुडाचे टोक आगीत काळे करून पुरण्याची चाल जुनी आहे. कोळसा स्वतः कुजत नाही हे खरे. परंतु तो थर पातळ असतो, त्याला भेगा जातात, आणि त्या भेगांतून ओल आतल्या कोऱ्या लाकडापर्यंत पोचते. पुरलेल्या खांबांवर जे प्रयोग झाले, त्यांत या उपायाचा विशेष लाभ दिसून आला नाही. काही न करण्यापेक्षा बरे, यापलीकडे आम्ही त्याची शिफारस करणार नाही.

डांबर हा शब्द आपण दोन निराळ्या पदार्थांना लावतो, त्यामुळे गोंधळ होतो. दगडी कोळशापासून निघते ते एक डांबर. त्यातूनच काढलेले क्रिओसोट तेल दाबाखाली लाकडात भरण्याचे पेटंट इंग्लंडात जॉन बेथेल यांनी १८३८ साली घेतले, आणि पुढे रेल्वेचे लाकडी स्लीपर त्याच्या बळावर टिकले. ते बुरशीला मारक आहे, पण माणसाच्या कातडीलाही अपायकारक आहे आणि त्यापासून कर्करोगाचे भय आहे. परसबागेत ते नको. दुसरे डांबर रस्त्यावर घालतात ते, म्हणजे खनिज तेलाचा गाळ. हे बुरशीला मारीत नाही, फक्त पाणी अडवते. ओल्या लाकडावर ते फासले तर आतली ओल आतच कोंडली जाते आणि लाकूड उलट लवकर कुजते. सुक्या आणि आधी औषध दिलेल्या लाकडावर मात्र तेच डांबर उत्तम कवच होते. वस्तू एकच, पण वेळ चुकली की मित्राचा शत्रू होतो.

आपल्या प्रांतातील एक जुना उपाय याहून चांगला आहे. पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून आणलेला काजू गोव्यात रुजला, आणि त्याच्या बियांच्या टरफलांतून निघणारे काळपट, दाहक तेल मच्छीमार होड्यांना लावू लागले. हे तेल लाकडात मुरते, वाळवीला आवडत नाही आणि पाण्यालाही दाद देत नाही. सुक्या खांबाच्या बुडाकडील तीन फूट भागाला चार-पाच दिवसांच्या अंतराने दोन-तीन हात दिले तर गुण येतो. पण ज्याने काजू भाजले आहेत त्याला या तेलाचा प्रसाद ठाऊक असतोच. कातडीला लागले तर फोड येतात. हातमोजे घालावेत, कुंचल्याला लांब दांडी बांधावी आणि मुलांना दूर ठेवावे.

तांब्याचा गुण आपल्या सुपारीच्या बागाईतदारांना चांगला माहीत आहे. पावसाळ्यात सुपारीला कोळे रोग लागू नये म्हणून मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण ते फवारतात; तो रोगही बुरशीसदृश जीवामुळेच होतो. फ्रान्समध्ये ओग्युस्त बुशरी यांनी एकोणिसाव्या शतकात ताज्या तोडलेल्या सोटांत मोरचुदाचे पाणी चढवण्याची युक्ती काढली व तारेचे खांब त्या रीतीने तयार होऊ लागले. परंतु मोरचूद पाण्यात विरघळते, आणि जे पाण्याने आत गेले ते पाण्यानेच बाहेर येते. ही अडचण सोडवली ती एका भारतीयाने. डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत काम करणाऱ्या सोंटी कामेसम यांनी १९३३ साली तांबे आणि सोमल यांच्या जोडीला क्रोमियमचा क्षार घातला. त्यामुळे औषध लाकडातच पक्के बसू लागले. हे हिरवट झाक असलेले लाकूड पुढे जगभर पसरले. सोमलाच्या भयामुळे अमेरिकेतील कारखानदारांनी २००३ च्या अखेरीस घरगुती कामासाठी त्याचा वापर थांबवला, आणि त्याची जागा सोमल नसलेल्या तांबेयुक्त औषधांनी घेतली. तयार औषध विकत घ्यावयाचे असेल तर ते जमिनीत पुरावयाच्या लाकडासाठी आहे की नाही, हे डब्यावर वाचूनच घ्यावे; भिंतीवरच्या फळ्यांसाठी केलेले औषध मातीत निरुपयोगी ठरते.

घरच्या घरी करण्यास सर्वांत सोपा आणि त्यातल्या त्यात निर्धोक उपाय म्हणजे टाकणखार आणि बोरिक पावडर. ६०० ग्रॅम टाकणखार आणि ४०० ग्रॅम बोरिक पावडर नऊ लिटर कोमट पाण्यात ढवळून विरघळवावी. दोन्ही एकत्र घातल्याने ती एकमेकांस विरघळण्यास साहाय्य करतात. या औषधाची खुबी अशी, की ते ओल्या लाकडातच आत आत सरकते. म्हणून झाड तोडल्यावर साल काढून, लाकूड ताजे असतानाच ते या पाण्यात बुडवावे. पिंप लहान असल्यास सर्व बाजूंनी तीन-चार वेळा भरपूर पाजावे. मग सारे वासे एकावर एक रचून ताडपत्रीने घट्ट झाकून चार-सहा आठवडे तसेच ठेवावे. लाकूड सुकू द्यावयाचे नाही. सुकले की औषधाची चाल थांबते. ख्रिसमसनंतर तोडलेले लाकूड जानेवारीत औषधात घातले, तर मार्चपासून ते उघडून सावलीत सुकवता येते. उरलेले पाणी झाडांच्या मुळाशी ओतू नये. थोडेसे बोरॉन झाडाला लागते, पण अधिक झाले की पाने करपतात. पावडर साखरेसारखी दिसते, तेव्हा ती स्वयंपाकघरात ठेवू नये हेही आलेच.

बोरॉनचा दोष मोरचुदासारखाच: पावसाने ते धुपून जाते. म्हणून पूर्ण सुकल्यावर बुडाच्या भागाला काजूच्या तेलाचे वा डांबराचे कवच द्यावयाचे. आत बुरशीला मारणारे औषध आणि बाहेर पाणी अडवणारे कवच, अशी ही जोडी आहे. एकट्या कोणाचे हे काम नव्हे. कवच बुडाच्या टोकापासून सुरू होऊन जमिनीच्या पातळीच्या वर निदान एक वीत आले पाहिजे. पुष्कळ जण ते नेमके जमिनीपाशी थांबवतात, आणि बुरशीला हवे असते ते तेवढेच.

लाकूड सुकले की नाही हे कसे ओळखावे? डोळ्यांना ते कळत नाही. रचलेल्या थरांच्या मध्ये काड्या घालून, वारा खेळेल पण ऊन थेट पडणार नाही अशा जागी वासे ठेवावेत. त्यांतला एक वासा खुणेचा करून दर आठवड्याला काट्यावर तोलावा. वजन उतरत आहे तोवर पाणी निघत आहे. दोन-तीन आठवडे वजन स्थिर राहिले म्हणजे सुकले. शाळेत जाणाऱ्या मुलांना हे काम द्यावे. ती ते मोठ्या उत्साहाने करतात आणि वहीत आकडेही मांडतात.

खांब पुरताना त्याच्या लांबीचा तिसरा हिस्सा जमिनीत जावा. सहा फुटी खांबाला दोन फूट. खड्ड्याच्या तळाशी आधी चार बोटे खडी घालावी, म्हणजे बुडाशी पाणी साचणार नाही. हल्ली खांबाभोवती सिमेंट ओतण्याची टूम निघाली आहे. ती दिसण्यास मजबूत आहे. परंतु उन्हाळ्यात लाकूड आकसते, सिमेंट आकसत नाही, आणि दोहोंमध्ये जी फट पडते तिच्यात पावसाचे पाणी पेल्यात राहावे तसे राहते. त्यापेक्षा खडी आणि मुरूम थराथराने घालून पहारेच्या बोथट टोकाने चोपावे, आणि वर खांबाभोवती मातीचा लहानसा उतार करावा, म्हणजे पाणी खांबाकडे न येता दूर जाईल. गवत, केरकचरा, पाचोळा यांचा ढीग खांबाला टेकू देऊ नये. खांबाचा पाया कोरडा राखण्यास हातभर मोकळी जागा हे निम्मे औषध आहे.

ज्याला थोडा अधिक खर्च झेपेल त्याने लाकूड मातीत पुरूच नये. जांभ्या दगडाचा किंवा सिमेंटचा ठेंगणा खुंट जमिनीत पुरून, त्याला लोखंडी पट्ट्यांनी खांब असा जोडावा की लाकूड जमिनीपासून चार बोटे वर राहील. रोगाचे दारच बंद झाले, म्हणजे वैद्याचे काम राहिले नाही. गोव्यात आणि कोकणात गिरिपुष्पाचे किंवा पांगाऱ्याचे जिवंत खुंट रोवून त्यांनाच वई बांधतात, ती युक्तीही याच जातीची. जो खांब मेलाच नाही तो कुजणार कसा? मात्र पालवी दरवर्षी छाटावी लागते आणि खांब जाड होत जातो, म्हणून नेमकी रेघ हवी असेल तेथे ते सोयीचे नाही.

खांबाच्या पायाखालोखाल नाजूक भाग म्हणजे त्याचा माथा. लाकूड हे बारीक नळ्यांच्या जुडग्यासारखे असते; कापलेल्या टोकाकडून पाणी जितके झपाट्याने आत शिरते, त्याच्या मानाने अंगाकडून फारच थोडे शिरते. सपाट कापलेला माथा म्हणजे पाणी पिण्यास उघडलेले तोंड. तो तिरपा कापावा, त्यावर औषध आणि तेल दोन-तीन वेळा द्यावे, आणि शक्य तर पत्र्याचा तुकडा वा फुटके कौल टोपीसारखे बसवावे. पुढे खिळ्यासाठी भोक पाडले, फळी आखूड केली, तर त्या ताज्या कापावरही औषधाचा हात फिरवावा. आडव्या पट्ट्या खांबाला जेथे टेकतात तेथे पाणी अडकते. पट्टीची वरची कड किंचित उतरती रंधून घ्यावी. खिळे जस्ताचा मुलामा दिलेले वापरावेत, कारण साधा लोखंडी खिळा गंजतो, भोक मोठे करतो आणि मग त्याच भोकातून पाणी आत जाते. मोरचूद लागलेल्या लाकडात तर तो फारच लवकर जातो.

आता शोभेकडे. चकचकीत ऑइल पेंट पहिल्या वर्षी सुंदर दिसतो. पण लाकूड पावसात फुगते, उन्हात आकसते, आणि रंगाचा कडक पापुद्रा त्याच्याबरोबर हलू शकत नाही. त्याला केसासारख्या भेगा पडतात, पाणी मागे शिरते आणि बाहेर येण्यास वाट मिळत नाही. पुन्हा रंगवायचे म्हणजे जुना पापुद्रा काचकागदाने घासून काढण्याची शिक्षा. कुंपणाला त्यापेक्षा मुरणारे तेल बरे. उकळलेले अळशीचे तेल थोडे टर्पेंटाइन घालून पातळ करावे, आणि दोन पातळ हात द्यावेत. फळीच्या दोन्ही बाजूंना द्यावेत, नाहीतर ती एका अंगाला वाकते. कच्च्या अळशीच्या तेलावर आपल्या दमट हवेत काळी बुरशी धरते, म्हणून ते टाळावे. दोन वर्षांनी तेल उडाले असे दिसले, तर धूळ पुसून पुन्हा एक हात दिला की झाले. तेल न देता लाकूड करडे पडले, तर तो रोग समजू नये. उन्हाने फक्त वरचा थर रापतो.

अळशीच्या तेलासंबंधी एक इशारा ठळकपणे दिला पाहिजे. तेलाने भिजलेल्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते, आणि गोळ्यात ती कोंडून चिंध्या आपोआप पेट घेतात. पेंढ्याची उडवी जवळ असेल तर पुढचे सांगावयास नको. चिंध्या उघड्यावर एकेक पसरून वाळवाव्यात, किंवा पाण्याच्या बादलीत टाकाव्यात.

बांबूचे कुंपण आपल्याकडे अनेकांचे. त्याचा मोठा शत्रू भुंगेरा. काही महिन्यांतच बांबूखाली पिवळसर पीठ सांडू लागते. तो बांबूतल्या पिष्टावर जगतो. म्हणून जून झालेला, तीन-चार वर्षांचा बांबू पावसाळा सरल्यावर तोडावा आणि ओढ्याच्या वाहत्या पाण्यात काही आठवडे बुडवून ठेवावा, हा जुन्यांचा रिवाज योग्यच होता. त्याहून पक्के काम हवे असेल तर पानांसकट तोडलेला ताजा बांबू, बूड औषधाच्या पिंपात ठेवून, झाडाला टेकून उभा करावा. पाने आठ-पंधरा दिवस पाणी ओढत राहतात आणि त्याबरोबर औषधही वर चढते. झाडाच्याच शक्तीने त्याला औषध पाजण्याची ही रीत पाहण्यासारखी आहे.

वाळवीसाठी खड्ड्यात पावडर टाकण्याची सवय पुष्कळ घरांत होती. त्या काळी वापरात असलेल्या आल्ड्रिनवर १९९६ साली आणि बी.एच.सी.वर १९९७ साली आपल्या देशात बंदी आली. माळ्यावर एखादा जुना डबा अजून पडला असेल तर तो वापरू नये. मातीची नळी दिसताच खरवडून टाकावी आणि ती जेथून निघाली तेथे तेलाचा हात द्यावा. दर महिन्याला एकदा कुंपणाभोवती फेरी मारणाऱ्याला याहून अधिक क्वचितच करावे लागते.

कुंपण मोडल्यावर जुने खांब चुलीत घालण्याचा मोह सर्वांना होतो. बिनऔषधाचे लाकूड खुशाल जाळावे. पण डांबर लावलेले, काजूच्या तेलाचे किंवा हिरवट औषधी लाकूड कधीही चुलीत वा बंबात घालू नये. सोमलयुक्त लाकडाचा धूर विषारी, आणि त्याची राख धुराहूनही वाईट. ती राख भांडी घासण्यास वा मिरचीच्या वाफ्यात गेली तर विष थेट घरात आले.

उभ्या असलेल्या कुंपणाची परीक्षा दोनदा करावी: पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात, आणि मिरगाच्या आधी मे महिन्यात. सांजांवापर्यंत थांबले तर माती भिजलेली असते आणि कोणतेही तेल लाकडात मुरत नाही. प्रत्येक खांबाभोवती वीतभर माती उकरावी आणि सुताराच्या टोच्याने लाकूड टोचून पाहावे. टोचा अडला तर तो भाग चार दिवस उन्हात उघडा ठेवून सुकवावा, औषध आणि कवच द्यावे, आणि मुरूम चोपून बुजवावा. टोचा बोटभर सहज आत गेला तर तो खांब पावसाची वाट न पाहता बदलावा. नवा खांब त्याच खड्ड्यात बसवावा. कुजकी माती पूर्ण काढून टाकून तेथे खडी-मुरूम भरला की जुना खड्डाही नव्यासारखा घट्ट होतो. आणि हे काम शेजाऱ्याला बोलावून, त्याच्या देखत करावे.